उपचारात प्राणी आणि सूर : वाचकांचे प्रश्न, समुपदेशकाची उत्तरे

प्राण्यांच्या साहाय्याने केले जाणारे समुपदेशन आणि संगीतोपचार या दोन विषयांवर वाचकांकडून आलेल्या पत्रांपैकी काही निवडक प्रश्नांना येथे उत्तरे दिली आहेत. पत्रे संक्षिप्त केली असून पत्रलेखकांची नावे व ओळख पटेल असे तपशील गाळले आहेत.

प्रश्न : माझा मुलगा अकरा वर्षांचा आहे. त्याचे वडील गेल्यापासून तो घरी आणि शाळेत जेवढ्यास तेवढेच बोलतो. समुपदेशकांकडे नेले, तर तेथेही तो गप्प बसून राहतो. आता त्यांनी पुढील सत्रांमध्ये एक प्रशिक्षित कुत्रा सोबत ठेवण्याचे सुचवले आहे. कुत्र्याशी खेळून असे दुःख हलके होते का, की यात केवळ वेळ जाणार?

उत्तर : तुमची शंका रास्त आहे. कुत्र्याशी खेळणे हा उपचार नव्हे. मात्र समुपदेशकांनी जे सुचवले आहे ते केवळ खेळणेही नव्हे. वडिलांच्या मृत्यूनंतर मूल गप्प होते, तेव्हा त्याच्याजवळ सांगण्यासारखे काही नसते असे नाही. समोर बसलेल्या मोठ्या माणसाची नजर, तिच्यातील अपेक्षा आणि ‘आता तू बोल’ हा उघडपणे न केलेला आग्रह त्याला पुष्कळदा पेलत नाही. आपण बोललो तर आई रडेल, ही भीतीही बरीच मुले मनात वागवत असतात. खोलीत कुत्रा असला की मुलाच्या नजरेला आणि हातांना जागा मिळते, गप्प राहणे अवघड वाटेनासे होते, आणि बोलायचे झालेच तर ते थेट माणसाशी न बोलता कुत्र्याशी किंवा कुत्र्याविषयी बोलता येते.

ही गोष्ट अमेरिकेतील बालमानसशास्त्रज्ञ बोरिस लेव्हिन्सन यांच्या लक्षात १९५०च्या दशकात योगायोगाने आली. अनेक उपचारांना दाद न दिलेला एक अबोल मुलगा ठरलेल्या वेळेआधीच त्यांच्याकडे आला आणि तेथे असलेल्या ‘जिंगल्स’ या त्यांच्या कुत्र्याशी रमला. पुढील भेटींमध्ये त्या खेळात लेव्हिन्सन हळूहळू सामील झाले आणि मुलाशी त्यांचे नाते जुळले. १९६२ मध्ये त्यांनी कुत्र्याला ‘सहउपचारक’ म्हणणारा लेख प्रसिद्ध केला, तेव्हा त्यांच्या व्यवसायातील अनेकांनी तो हसण्यावारी नेला होता. मूळ कल्पना त्याहूनही जुनी आहे. इंग्लंडमधील यॉर्क येथे १७९६ मध्ये सुरू झालेल्या मनोरुग्णांच्या निवासात अंगणामध्ये ससे, कोंबड्या असे प्राणी ठेवले जात, कारण आपल्याहून दुबळ्या जिवाची काळजी घेताना रुग्णांचे मन स्थिरावते असा तेथील चालकांचा अनुभव होता.

आता प्रत्यक्ष सत्रात काय घडते ते पाहू. समुपदेशक आधी उद्दिष्ट ठरवतात आणि त्यानुसार कुत्र्याचा सहभाग आखतात. मुलाला कुत्र्याला एखादी आज्ञा शिकवायला सांगितली, तर आवाज स्पष्ट लागतो, धीर धरावा लागतो, आणि कुत्र्याने ऐकले की आपल्या शब्दाचा कोणावर तरी परिणाम होतो हा अनुभव मिळतो. दुःखाने हतबल झालेल्या मुलाला हा अनुभव फार मोलाचा असतो. मग केव्हातरी मूल विचारते, ‘याला एकटं वाटतं का?’ अशा वेळी जाणता समुपदेशक ‘म्हणजे तुलाही एकटं वाटतं ना?’ असे म्हणून मुलाला कोंडीत पकडत नाही. तो इतकेच विचारतो, ‘तुला काय वाटतं, याला कधी एकटं वाटत असेल?’ त्यानंतर मूल जे कुत्र्याविषयी सांगते, ते बहुधा स्वतःविषयीच असते. ते ऐकून घेणे, जपून ठेवणे आणि योग्य वेळी मुलाच्या स्वतःच्या शब्दांत त्याला परत देणे हे काम समुपदेशकाचे आहे. कुत्रा ते करू शकत नाही. म्हणूनच मी नेहमी आग्रहाने सांगतो की चौकशी करताना कुत्र्याइतकीच, किंबहुना त्याहून अधिक, समुपदेशकाची पात्रता तपासावी.

पुराव्याविषयीही स्पष्ट बोलले पाहिजे. अमेरिकेतील वॉशिंग्टन स्टेट विद्यापीठातील २४९ विद्यार्थ्यांवर केलेला एक प्रयोग २०१९ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यात ज्यांनी दहा मिनिटे कुत्र्या-मांजरांना प्रत्यक्ष गोंजारले, त्यांच्या लाळेतील कॉर्टिसॉल या ताणाशी निगडित संप्रेरकाचे प्रमाण नुसते बघत बसलेल्या, प्राण्यांची छायाचित्रे पाहणाऱ्या किंवा केवळ थांबून राहिलेल्या विद्यार्थ्यांपेक्षा कमी आढळले. म्हणजे स्पर्शाने शरीर काही काळ शांत होते, हे मानायला आधार आहे. पण शरीर शांत होणे आणि वडिलांच्या जाण्याचे दुःख पचणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. पहिली दुसरीसाठी वाट मोकळी करते. पुढची वाटचाल महिनोन् महिने चालते आणि तिच्यात तुमचाही वाटा असतो. घरी वडिलांचे नाव सहजपणे निघू द्या आणि त्यांच्या आठवणी मुलासमोर सांगा. त्या सांगताना डोळे भरून आले तरी ते लपवू नका.

एक विनंती आहे. सत्रांचा उपयोग होतो आहे असे दिसताच घाईने घरी पिल्लू आणू नका. पिल्लाचे आजारपण, शिस्त आणि जबाबदारी हा सारा भार शोकात असलेल्या घरावर पडतो, आणि ते पिल्लू दुरावले तर मुलाला दुसरा वियोग सोसावा लागतो.

प्रश्न : मी दोन वर्षे नैराश्यावर औषधे घेत आहे. संगीत ऐकल्यावर मला बरे वाटते. ठरावीक रागाने किंवा ठरावीक कंपनसंख्येच्या सुरांनी नैराश्य मुळापासून जाते असे अनेक ठिकाणी वाचले. औषधे आणि समुपदेशन थांबवून हा मार्ग धरावा का?

उत्तर : नाही. औषधे स्वतःच्या मनाने थांबवू नका; ती एकाएकी बंद केल्यास चक्कर, अस्वस्थता, निद्रानाश असे त्रास होऊ शकतात आणि नैराश्य पुन्हा उसळू शकते. मात्रा कमी करायची असेल तर ती मनोविकारतज्ज्ञांच्या देखरेखीखाली, टप्प्याटप्प्याने करावी.

अमुक सुराने अमुक आजार बरा होतो, या दाव्यांना विश्वासार्ह चाचण्यांचा आधार नाही. असे दावे कसे फोफावतात याचे एक उदाहरण सांगण्यासारखे आहे. १९९३ मध्ये ३६ विद्यार्थ्यांवरील एका छोट्या प्रयोगात युरोपीय संगीतकार मोत्सार्ट यांची एक रचना दहा मिनिटे ऐकल्यानंतर अवकाशीय विचारशक्तीच्या, म्हणजे आकार आणि जागा यांची मनात मांडणी करण्याच्या, चाचणीतील गुण थोड्या वेळासाठी वाढलेले दिसले. हा परिणाम दहा-पंधरा मिनिटांपुरता होता आणि पुढे अनेक संशोधकांना तो तसाच आढळलाही नाही. तरी तेवढ्यावरून ‘हे संगीत ऐकवा, मूल हुशार होईल’ असा समज जगभर पसरला आणि त्यावर मोठी बाजारपेठ उभी राहिली. नैराश्याने गांजलेल्या माणसाला असे आश्वासन मिळते तेव्हा हानी अधिक गंभीर असते, कारण त्यापायी खरा उपचार सुटतो. याबद्दल मला मनापासून चिंता वाटते.

तुम्हाला संगीताने बरे वाटते, हा अनुभव मात्र पूर्णपणे खरा आहे. कॅनडातील माँट्रियल येथील संशोधकांनी २०११ मध्ये दाखवून दिले, की आवडत्या संगीताने अंगावर रोमांच उभे राहतात तेव्हा मेंदूच्या आनंदाशी संबंधित भागांत डोपामिन हे रसायन स्रवते. इतकेच नव्हे, तर तो आवडता क्षण येण्यापूर्वीच्या प्रतीक्षेतही ते स्रवते. नैराश्यात कशाचीच ओढ वाटेनाशी होते, हे लक्षात घेतले तर या प्रतीक्षेचे महत्त्व कळेल.

तथापि संगीत ऐकणे वेगळे आणि संगीतोपचार वेगळा. संगीतोपचारात प्रशिक्षित उपचारक असतो, उद्दिष्ट ठरलेले असते आणि रुग्ण बहुधा स्वतः काही वाजवतो, गातो किंवा रचतो. फिनलंडमध्ये ७९ प्रौढांवर झालेल्या आणि २०११ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात नेहमीच्या उपचारांच्या जोडीला वीस संगीतोपचार-सत्रे दिली गेली. रुग्णांनी उपचारकासोबत मनाला येईल तसे वाद्यवादन करायचे आणि त्यातून जे उमटले त्यावर मग बोलायचे, अशी ती पद्धत होती. तीन महिन्यांनी पाहिले असता, केवळ नेहमीचे उपचार घेणाऱ्यांच्या तुलनेत या रुग्णांचे नैराश्य आणि चिंता अधिक कमी झालेली आढळली. येथे ‘जोडीला’ हा शब्द कृपया नजरेआड करू नका. औषधे आणि समुपदेशन सोडून हा परिणाम साधलेला नाही. तुम्हाला वाद्य वाजवता येत नसले तरी अडचण नाही, कारण सफाईदार वादन हा अशा सत्रांचा हेतूच नसतो. ज्याला मनातला संताप बोलून दाखवता येत नाही, तो ढोलकासारख्या वाद्यावर तो वाजवून दाखवू शकतो, आणि उपचारक त्याच लयीत साथ देऊ लागला की आपण ऐकले जात आहोत हे त्याला शब्दांवाचून कळते.

घरी ऐकताना संगीतोपचारातील एक जुने तत्त्व वापरून पाहा. १९४०च्या दशकात अमेरिकी मनोविकारतज्ज्ञ आयरा आल्टशुलर यांनी मांडले, की आरंभी रुग्णाच्या त्या वेळच्या मनःस्थितीशी जुळणारे संगीत द्यावे आणि मग पायरीपायरीने ते बदलत न्यावे. मन खिन्न असताना एकदम उत्साही चालीचे गाणे लावले तर ते उपरे, कधी क्लेशकारकही वाटते. म्हणून संथ, गंभीर रचनेपासून सुरुवात करून हळूहळू अधिक लयदार, अधिक उजळ रचनांकडे यावे. ऐकून झाल्यावर स्वतःला एवढेच विचारा की मन थोडे सैल झाले, की तेच विचार अधिक जोराने घोळू लागले. एकच दुःखी गाणे पुन्हा पुन्हा ऐकत राहण्याने दुसरी गोष्ट घडत असेल, तर ती नोंद समुपदेशकांना जरूर दाखवा. आणि कधी जगणे नकोसे वाटू लागले, तर संगीत लावून एकट्याने वाट पाहू नका. त्याच क्षणी जवळच्या व्यक्तीला सांगा आणि तातडीची वैद्यकीय मदत घ्या.

प्रश्न : आईला स्मृतिभ्रंश झाला आहे. तिला कोणते संगीत ऐकवावे? त्याने स्मृती परत येईल का?

उत्तर : स्मृती परत येत नाही. स्मृतिभ्रंशाच्या (डिमेन्शियाच्या) रुग्णांवरील अभ्यासांचा एकत्रित आढावा असे दर्शवतो, की संगीतावर आधारित उपचारांनी खिन्नता कमी होण्यास मदत होते, बुद्धी किंवा स्मरणशक्तीत मात्र विशेष फरक पडत नाही. तरीही हा लाभ लहान समजू नये.

आईच्या साधारण दहा ते तीस या वयातील गाणी शोधा, कारण त्या काळातील गाणी माणसाच्या आठवणीत सर्वांत घट्ट रुजलेली असतात. निवड तुमच्या आवडीची नसावी, तिच्या आवडीची असावी. टीव्ही आणि इतर आवाज बंद करून एका वेळी एकच गाणे लावा आणि शक्य असेल तर स्वतः गा. ओळखीच्या माणसाचा बेसूर आवाजही ध्वनिमुद्रणापेक्षा अधिक पोहोचतो. अंघोळीसारख्या, तिला नकोशा वाटणाऱ्या कामांआधी गाणे सुरू केले तर ते काम पुष्कळदा सुकर होते. ऐकताना डोळ्यांत पाणी आले म्हणून घाबरून बंद करू नका, हात धरून शेजारी बसा. पण चेहरा त्रासिक झाला, ती उठून जाऊ लागली किंवा कानांवर हात ठेवले, तर लगेच थांबवा.

प्रश्न : माझी सहा वर्षांची लॅब्रेडॉर कुत्री अतिशय प्रेमळ आहे. तिला वृद्धाश्रमात घेऊन जावे अशी माझी इच्छा आहे. काय तयारी करावी?

उत्तर : तुमची इच्छा चांगली आहे, म्हणूनच काही अटी मोकळेपणाने सांगतो. घरच्यांशी प्रेमळ असणे आणि अनोळखी खोलीत, चाकाच्या खुर्च्यांमध्ये, अचानक ओरडणाऱ्या किंवा शेपूट घट्ट पकडणाऱ्या माणसासमोर शांत राहणे यांत मोठा फरक आहे. तिचे स्वभाव-परीक्षण अनुभवी प्रशिक्षकाकडून करून घ्या आणि पशुवैद्यांकडून आरोग्य-तपासणी, रेबीजसह सर्व लसी व जंतनाशक औषधे वेळच्या वेळी द्या. तिला कच्चे मांस देत असाल तर ते थांबवा, कारण त्यातून साल्मोनेलासारखे जंतू दुर्बल वृद्धांपर्यंत पोहोचू शकतात. भेटीपूर्वी तिची नखे कापलेली असावीत आणि प्रत्येक भेटीआधी व नंतर वृद्धांनी हात धुवावेत. तुम्ही स्वतः उपचारक नसाल, तर या भेटींना उपचार म्हणू नका. त्या आनंदाच्या भेटी आहेत आणि तेवढ्याने त्यांचे मोल उणावत नाही.

यापुढचा मुद्दा मला सर्वांत महत्त्वाचा वाटतो. तुमची कुत्री ‘नको’ असे म्हणू शकत नाही. तिचे नको असणे तुम्हालाच वाचावे लागेल. झोप आलेली नसताना जांभया देणे, खाणे समोर नसताना ओठ चाटणे, मान वळवून घेणे, डोळ्यांचा पांढरा भाग दिसू लागणे, शेपूट पायांत घेणे, गरम होत नसताना धापा टाकणे ही तिच्यावरील ताणाची चिन्हे आहेत. आज्ञाधारक कुत्री ताण सोसूनही जागेवर बसून राहते आणि बघणाऱ्यांना वाटते की ती किती शहाणी आहे. असे एकही चिन्ह दिसले की भेट आटोपती घ्या, मग समोरच्या आजी कितीही आनंदात असोत. आरंभी भेटी अगदी थोड्या वेळाच्या ठेवा, पाणी आणि विश्रांतीची स्वतंत्र जागा आधी ठरवा, आणि तिच्याकडे जाण्याऐवजी तिला माणसाकडे येऊ द्या. मानव-प्राणी संबंधांवर काम करणाऱ्या संस्थांच्या आंतरराष्ट्रीय संघटनेनेही आपल्या मार्गदर्शक सूचनांत प्राण्याच्या हिताला माणसाच्या हिताबरोबरीने स्थान दिले आहे, आणि डॉल्फिनसारखे वन्य प्राणी, पाळलेले असले तरी, अशा कामात वापरू नयेत असे म्हटले आहे. एका जिवाची वेदना कमी करण्यासाठी दुसऱ्याला वेदना देणे हा उपचार होऊ शकत नाही.

प्रश्न : मला लहानपणापासून कुत्र्यांची भीती वाटते, शिवाय केसांची ॲलर्जी आहे. या पद्धतीचा लाभ मला मिळणार नाही का?

उत्तर : तुमच्यासाठी कुत्रा हा योग्य सोबती नाही, आणि तसे समुपदेशकांना स्पष्ट सांगण्यात संकोच करू नये, पद्धत तुमच्या गरजेप्रमाणे बदलावी लागते. केवळ मासे पाहण्याचाही उपयोग होतो. अल्झायमरच्या रुग्णांच्या भोजनगृहात मत्स्यालय ठेवल्यावर त्यांच्या आहारात वाढ झाल्याचे अमेरिकेतील एका अभ्यासात २००२ मध्ये नोंदले गेले. जपानमध्ये सीलच्या पिल्लाच्या आकाराचा ‘पारो’ हा यंत्रप्राणी याच हेतूने घडवला गेला असून तो अनेक देशांतील वृद्धांच्या शुश्रूषागृहांत वापरला जातो. आणि संगीतोपचाराचा मार्ग तर तुम्हाला मोकळाच आहे.

प्रश्न : मी शाळेत समुपदेशक आहे. एकाच सत्रात कुत्रा आणि संगीत दोन्ही वापरावे का?

उत्तर : वापरता येतील, पण आधी कुत्र्याच्या कानांचा विचार करा. माणसाला सुमारे २० किलोहर्ट्झपर्यंतचे ध्वनी ऐकू येतात. कुत्र्याला त्याच्या दुपटीहूनही अधिक, सुमारे ४५ किलोहर्ट्झपर्यंतचे. त्यामुळे झांजा, घंटा किंवा कर्कश शिट्ट्या आपल्याला साध्या वाटल्या तरी त्याला असह्य होऊ शकतात. उत्तर आयर्लंडमधील बेलफास्ट येथील संशोधक डेबोरा वेल्स यांनी २००२ मध्ये श्वाननिवासातील कुत्र्यांवर प्रयोग करून पाहिला, तेव्हा पाश्चात्त्य अभिजात संगीत सुरू असताना कुत्री अधिक वेळ विसावली आणि हेवी मेटल या दणदणाटी संगीतात अधिक भुंकली. म्हणून हळू आवाजातील संथ रचना निवडाव्यात, आणि मुलांना मोठ्याने वाद्ये वाजवायची असतील तेव्हा कुत्र्याला दुसऱ्या खोलीत ठेवावे. दुसरी गोष्ट अशी, की दोन्ही साधने एकदम वापरल्याने मुलाचे लक्ष विखुरते आणि कशाचा उपयोग झाला हे तुम्हालाही कळत नाही. अमुक वेळी अमुक साधन का, याचे उत्तर देता येत नसेल तर ते साधन त्या दिवशी बाजूला ठेवणे बरे. रागाने धुमसणाऱ्या मुलाला आधी ताल द्यावा, मग कुत्र्याची सोबत. बुजलेल्या मुलाच्या बाबतीत हा क्रम उलटा करावा.

प्रश्न : माझी मुलगी वर्षभर ज्या कुत्र्यासोबत समुपदेशनाला जात होती, तो वयोमानामुळे आता निवृत्त होणार आहे. तिला हे कसे सांगावे? की न सांगता दुसरा कुत्रा आणावा?

उत्तर : न सांगता कुत्रा बदलू नये. ज्या नात्याच्या आधाराने मुलगी विश्वास ठेवायला शिकली, ते एके दिवशी कारणाशिवाय संपले, तर तिने मिळवलेला विश्वासच डळमळेल. निवृत्तीच्या किमान तीन-चार सत्रे आधी समुपदेशकांनीच तिला खरे कारण सांगावे : कुत्रा म्हातारा होत आहे, त्याला आता लवकर थकवा येतो आणि त्याला विश्रांतीची गरज आहे. ‘तुझ्यामुळे तो दमला’ असे तिला चुकूनही वाटता कामा नये; मुले अशा गोष्टींचा दोष पटकन स्वतःकडे घेतात. त्यानंतरच्या सत्रांत निरोपाची तयारी करावी. तिला आवडत असेल तर त्याच्यासाठी चित्र काढणे, पत्र लिहिणे किंवा एखादी छोटीशी चाल रचणे यांपैकी काहीही करता येईल. शेवटच्या सत्राची तारीख तिला माहीत असावी आणि निरोप तिने स्वतः घ्यावा. त्या दिवशी रडू आले तर ते थांबवू नये. नवा कुत्रा आणायचा असेल तर मध्ये काही सत्रे कुत्र्याविना जाऊ द्यावीत आणि त्या काळात ती समुपदेशकांशी थेट किती बोलते याकडे लक्ष ठेवावे. ती पुरेशी बोलू लागली असेल, तर नव्या कुत्र्याची कदाचित गरजच उरणार नाही, आणि तो निर्णय तिला विचारूनच घ्यावा.